लेक कोमोला तासाभराची प्रायव्हेट बोट: २०० युरो घालावेत का?

कोथरूडची_चिमणी
नमस्कार मंडळी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं (मी, नवरा, साबा म्हणजे सासूबाई, साबू म्हणजे सासरे) इटलीला चाललोय. मिलानचा मुक्काम आहे त्यातला एक अख्खा दिवस लेक कोमोसाठी ठेवलाय. साबांची सगळ्या ट्रिपमधली फर्माईश एकच, "दीपिकाचं लग्न झालं तो बंगला बघायचा", रोम व्हॅटिकन वगैरेला त्या नुसतं हं हं करत होत्या.

तर प्रश्न असा की प्रायव्हेट बोट घ्यावी का? नेटवर बघितलं तर एका तासाचे कुणी १८० युरो सांगतंय कुणी २८०, म्हणजे आपले वीस-पंचवीस हजार रुपये झाले की हो, तासाभराचे! नवरा म्हणतो एवढ्यात कोकणात चार दिवस राहून मासे खाऊन येऊ. साबांचे गुडघे दुखतात, पायऱ्या फार नको. साबू पक्के शाकाहारी. बोट कोमो गावातून घ्यायची की आणखी कुठून, सकाळी की संध्याकाळी, आणि मुळात एका तासात दिसतं तरी काय? प्लीज जाऊन आलेल्यांनी सांगा, यूट्यूबवरचे सगळे नुसते "ड्रीमी" म्हणून थांबतात.

मिलानचा_मराठी
नोकरीनिमित्त इकडेच असल्यामुळे भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा आमच्या गळ्यात आणि मग आम्ही त्याला घेऊन कोमोला, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, लेक कोमो म्हणजे कोमो गाव नव्हे. तळ्याचा आकार उलट्या इंग्रजी वाय सारखा आहे, डाव्या पायाच्या टोकाला कोमो, उजव्याच्या टोकाला लेक्को आणि दोन पाय जिथे मिळतात तिथे बेलाजिओ. तुमचा बंगला म्हणजे व्हिला देल बाल्बियानेल्लो, तो लेन्नो गावाजवळ आहे, कोमोपासून पाण्यावरून वीसेक किलोमीटर वर. कोमोतून एका तासाची बोट घेतलीत तर ती चेर्नोब्बिओचा व्हिला देस्ते (हे १८७३ पासून हॉटेल आहे), तोर्नो, फार तर लाल्योचं जॉर्ज क्लूनीचं घर इतकं दाखवून परत फिरते. छानच आहे तेही, पण साबा विचारणार, बंगला कुठाय? म्हणून बोट घ्यायची ती वरेन्ना, बेलाजिओ नाहीतर लेन्नोतून.

जायचं कसं: मिलानो सेंत्राले स्टेशनवरून तिरानोकडे जाणारी रिजनल ट्रेन पकडा आणि वरेन्ना-एझिनोला उतरा, साधारण तासाभराचा प्रवास. डाव्या बाजूच्या खिडक्या धरा, लेक्को सुटलं की तळं त्याच बाजूला. कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी मशीनमध्ये पंच करायला विसरू नका, तपासनीस टुरिस्ट वगैरे बघत नाही, सरळ दंड. स्टेशनवरून धक्का चालत दहा मिनिटं, जाताना उतार, पण परत येताना तोच चढ होतो त्यामुळे संध्याकाळी साबांसाठी वेळ हाताशी ठेवा.

वेळ सकाळचीच. इथे दोन वारे ठरलेले आहेत, पहाटे-सकाळी उत्तरेकडून तिवानो आणि दुपारच्या सुमाराला दक्षिणेकडून ब्रेवा. चांगल्या हवेच्या दिवशी ब्रेवा हमखास येतो, शिडाची बोट चालवणारे त्याचीच वाट बघत असतात, पण छोट्या मोटरबोटीत बसलेल्या माणसाचं बूड दर लाटेला आपटतं आणि तोंडावर पाणी उडतं. दहा-साडेदहापर्यंत पाणी बरंच शांत असतं आणि ऊन पूर्वेकडून येतं, म्हणजे बंगला आहे त्या पश्चिम किनाऱ्यावर उजेड समोरून पडतो, फोटो चांगले येतात. सनसेट टूरचं सगळे कौतुक करतात पण दोन्हीकडे डोंगर एवढे उंच आहेत की सूर्य मुळात लवकरच डोंगराआड जातो. वर जूनमध्ये संध्याकाळी गडगडाटी पाऊस आला की बुकिंग बोंबललं.

काटकसर_काका
चिमणीताई, तुमचे यजमान बरोबर बोलतायत, माझा त्यांना फुल सपोर्ट. सरकारी बोटी आहेत ना तिथे. वरेन्ना, बेलाजिओ, मेनाज्जिओ, कादेनाब्बिया या चार ठिकाणांत गाड्या नेणारी फेरीबोट दिवसभर फिरत असते, वरेन्नाहून बेलाजिओ पंधरा मिनिटं आणि तिकीट प्रायव्हेट बोटीच्या मानाने किरकोळ. वरच्या डेकवर उभं राहिलं की तिन्ही बाजूंचं तळं दिसतं. मधल्या भागाचा दिवसभराचा पासही मिळतो. आणि मुख्य म्हणजे या फेरीबोटीत रॅम्पवरून सपाट चालत जाता येतं, गुडघेवाल्यांना हे प्रायव्हेट बोटीपेक्षा सोपं. आम्ही उभयतांनी तेच केलं, काही अडलं नाही. बंगला लांबून दिसला, हिला हात करून दाखवला.

मिलानचा_मराठी
काका, फेरीबद्दल शंभर टक्के सहमत, गावोगाव फिरायला तीच घ्यावी. पण ती या बंगल्याच्या जवळून जात नाही हो. लेन्नोला थांबणारी संथ बोट वेगळी, तिथे उतरून मग बंगल्याची छोटी शटल बोट, नाहीतर किलोमीटरभर चालायचं आणि त्यात खडा चढ. शिवाय जूनमध्ये बेलाजिओच्या धक्क्यावर ही लाइन असते, उन्हात. मी प्रायव्हेट घ्या म्हणतो ते लक्झरी म्हणून नाही. चौघांत २०० युरो म्हणजे माणशी ५०, आणि भाडं अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नव्हे, हे लक्षात घ्या. दोघंच असते तर मीही फेरीच सांगितली असती.

एका तासात दिसतं काय, तर वरेन्नाहून सुटून तळं आडवं कापायचं, सरळ बाल्बियानेल्लो. ते एका जमिनीच्या सुळक्यावर आहे, तिन्ही बाजूंना पाणी. आधी दोन मनोरे दिसतात, ते जुन्या फ्रान्सिस्कन मठाचे, बंगला नंतरचा, १८व्या शतकाच्या शेवटी एका कार्डिनलने बांधलेला. वर कमानींचा सज्जा आणि त्यावर चढवलेली वेल, शेजारी अगदी गोल छत्री कातरावी तसं कातरलेलं झाड. बोटवाला इथे इंजिन बंद करतो, पाच-सात मिनिटं नुसतं तरंगायचं. मग त्रेमेत्सोचा व्हिला कार्लोत्ता आणि मोठं पिवळं ग्रँड हॉटेल, तिथून बेलाजिओकडे येताना व्हिला मेल्त्सीची बाग, पाण्याच्या काठाला निळा-पांढरा छोटासा मंडप आहे तो बघा, मग बेलाजिओचं टोक वळून परत वरेन्ना. एक तास बरोब्बर पुरतो. बंगल्यात आत जायचं असेल तर बोट तिथेच सोडायला सांगता येते पण ते बुक करतानाच ठरवा. बंगला सहसा सोमवारी आणि बुधवारी बंद असतो, तेवढं वेबसाइटवर बघून मग दिवस पक्का करा.

डोंगरवेडा_नाशिक
दीपिकाचं ठीक आहे (१४ आणि १५ नोव्हेंबर २०१८, आमच्याकडेही ही तारीख पाठ आहे, बायकोकृपेने) पण या बंगल्याचा शेवटचा मालक कोण हे कुणी सांगतच नाही. ग्विदो मोन्झिनो! मिलानचा गर्भश्रीमंत माणूस, वडिलोपार्जित डिपार्टमेंट स्टोअरचा धंदा आणि डोक्यात फक्त डोंगर. १९७१ ला कुत्र्यांच्या गाड्यांवरून उत्तर ध्रुव गाठला आणि १९७३ ला एव्हरेस्टवर गेलेली पहिली इटालियन मोहीम याचीच. मोहीम कसली, लवाजमा होता नुसता, हेलिकॉप्टरसुद्धा नेली होती, त्यावरून गिर्यारोहकांत पुष्कळ टीकाही झाली. लग्नकार्य काही केलं नाही, १९८८ ला गेला तेव्हा बंगला फाई नावाच्या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन गेला. आणि स्वतः तिथेच आहे, बागेत पूर्वी बर्फ साठवायची खोली होती त्यात त्याची समाधी आहे.

आत वरच्या मजल्यावर त्याच्या मोहिमांचं छोटं म्युझियम आहे, ध्रुवावर नेलेली स्लेज बघायला मिळते. माझं म्हणणं आहे की बाहेरून बोटीतून बघून परत फिरू नका. आतल्या खोल्या गाइडेड टूरनेच दाखवतात, त्याचं तिकीट वेगळं, आधी ऑनलाइन काढून ठेवा. साबांना मात्र धक्क्यापासून बागेत जायला पायऱ्या आहेत हे आधीच सांगा, कमी नाहीत.

स्टिअरिंग_माझ्या_हाती
कशाला बोटवाला पाहिजे? इटलीत ४० हॉर्सपॉवरपर्यंतच्या बोटीला लायसन लागत नाही, वय १८ असलं की झालं. भाड्याने घ्या, स्वतः चालवा, स्वस्तही पडतं. आम्ही मित्रमित्र गेलो होतो, नुसता कल्ला.

मिलानचा_मराठी
मित्रांबरोबर एक नंबर. सासूसासऱ्यांबरोबर नको रे बाबा. पेट्रोल आणि डिपॉझिट वेगळं असतं, ते धरून हिशोब कर म्हणजे स्वस्तपणा किती उरतो बघ. सार्वजनिक बोटींना वाट द्यावी लागते आणि त्यांच्या मागून ज्या लाटा येतात त्या तिरक्या कापायच्या असतात, आडव्या घेतल्या की सगळे एका बाजूला कलंडतात आणि साबांची पर्स पाण्यात. तळं चारशे मीटरपेक्षा जास्त खोल आहे, पर्स काही परत मिळायची नाही. आणि धक्क्याला बोट लावणं हे गाडी पार्क करण्याइतकं सोपं नाही, ब्रेक नसतो तिला.

सदाशिवपेठी
आमचा अनुभव लिहितो, कंपनीचं नाव घेत नाही. धक्क्यावर एकाने गाठलं, एक तास म्हणून पैसे आधी घेतले आणि चाळीस मिनिटांत परत आणून सोडलं. विचारलं तर म्हणे बोटीत बसणं-उतरणं धरून एक तास! त्यामुळे चार गोष्टी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर असल्या तरी चालतील. वेळ कधीपासून मोजणार, भाडं बोटीचं की माणशी, रस्ता कोणता, आणि पाऊसवारा आला तर पैसे परत की दुसरी वेळ. "शेअर्ड" आणि "प्रायव्हेट" हेही नीट वाचा, शेअर्डमध्ये दहा-बारा अनोळखी माणसं असतात. प्रोसेको (फेसाळ वाइन) फुकट म्हणून रेट वाढवतात, साबू घेणार नसतील तर ती बाटली वगळून भाव विचारा, मी विचारला होता.

कोथरूडची_चिमणी
बापरे, किती छान माहिती, सगळ्यांचे मनापासून आभार! साबूंना मोन्झिनोचं वाचून दाखवलं, आता बंगला बघायची घाई त्यांना जास्त झालीय, हरिश्चंद्रगडवाले आहेत ते. आता असं ठरतंय की मंगळवारी सकाळी लवकरची ट्रेन, वरेन्नाहून दहाची बोट एक तास, ती आम्हाला बंगल्यावर सोडेल, मग शटलने लेन्नो आणि सरकारी बोटीने बेलाजिओ. काका, बघा, दोन्ही पक्ष खूश! दोन शंका आहेत अजून. साबा बोटीत चढतील कशा? आणि साबूंच्या जेवणाचं काय, पिझ्झा सोडून काही मिळतं का, पिझ्झा त्यांना दोनदा झाला की तिसऱ्यांदा ते भाकरी मागतात.

मिलानचा_मराठी
प्लॅन मस्त. फक्त वरेन्नाची बोट लेन्नोकडे सोडून रिकामी परत जाणार म्हणून थोडे जास्त मागतील, आत्ताच विचारून घ्या.

चढायचं असं: जुन्या वळणाच्या लाकडी बोटी फोटोत सुंदर दिसतात पण बसायची जागा खाली असते, काठावरून आत पाय टाकून उतरावं लागतं. बुक करताना सरळ विचारा की मागच्या बाजूला पायऱ्या किंवा सपाट जागा असलेली बोट आहे का, आणि वर कापडी छत आहे का, अकरानंतर ऊन चांगलंच लागतं. बोटवाला हात देतोच. साबांना सांगा, आधी पर्स त्याच्याकडे द्या, मग एक पाय मध्यभागी आणि लगेच बसा, काठावर उभं राहून साडी सावरायची नाही. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा खरंतर. बेलाजिओत मात्र धक्क्यावरून वर जाणाऱ्या सगळ्या गल्ल्या पायऱ्यांच्या, त्यांना खालीच पाण्याकाठी बसवून तुम्ही दोघं वर चक्कर मारून या. वरेन्नात तळ्याच्या काठाने लाल कठड्याची एक पायवाट आहे, ती त्यांना झेपेल.

जेवण: तळ्याची खासियत म्हणजे पर्च माशाचा रिझोत्तो (इटालियन मऊ भात) आणि मिसोल्तिन नावाचा वाळवलेला मासा, दोन्ही साबूंच्या कामाचे नाहीत, तुमच्या आहेत. त्यांच्यासाठी पित्झोक्केरी बघा, शेजारच्या वाल्तेलिना खोऱ्यातला पदार्थ आहे, कुट्टूच्या पिठाच्या जाड पट्ट्या, त्यात बटाटा, कोबी, लसूण आणि भरपूर लोणी-चीज. मेन्यूवर असला तर डोळे मिटून मागवा, एकच प्लेट दोघांत, फार जड असतो. नाहीतर पोलेंता, मक्याच्या पिठाचं, पण बरोबर मटणाचा रस्सा येत नाही ना ते विचारून. इथल्या पुष्कळ चीजमध्ये वासराचं रेनेट (पोटातलं, दूध घट्ट करायला वापरतात ते) असतं, साबू तेवढे कडक असतील तर आधी सांगून ठेवा.

सदाशिवपेठी
आणि जेवण अडीचच्या आत उरका, त्यानंतर किचन बंद करतात आणि सातपर्यंत कुणी विचारत नाही. आम्हालाच दुपारी एक ते चार शिकवायला आले होते म्हणे.

काटकसर_काका
😂 दोन्ही पक्ष खूश म्हणालात म्हणून एकच सांगतो, परतीची ट्रेन शेवटची धरू नका. एक आधीची धरा. तिथे संप फार होतात, आदल्या दिवशी संपाची बातमी बघून मगच निघा, आणि बोटीचे पैसे परत मिळण्याची अट त्या हिशोबाने बघून ठेवा.