पिल्लाच्या शी-तपासणीत 'जंत नाहीत', विश्वास ठेवावा का?

प्रश्न (जुळे सोलापूर): कुत्र्याचं तीन महिन्यांचं पिल्लू. हिरड्या पांढरट, शी काळपट. रिपोर्टमध्ये जंत नाहीत. पुढे काय?

उत्तर: नमुना किती जुना होता? सोलापूरच्या उन्हात हुकवर्मची (आतड्यात रक्त शोषणारा जंत) अंडी दिवसभरात फुटू शकतात, मग दिसणार कशी! ताजी शी डबीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, त्याच दिवशी पोचवा. फ्लोटेशनच (अंडी वर तरंगवून शोधायची तपासणी) मागा: ३ ग्रॅम शी मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून गाळायची, वर कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवून १५ मिनिटं थांबायचं. शीचा नुसता थेंब काचेवर पाहिला, तर अंडी थोडी असल्यास सुटून जातात.

उत्तर: पिसवांमधून येणारा टेपवर्म (पट्टीसारखा जंत) फ्लोटेशनलाही बहुधा सापडत नाही. शेपटीखाली त्याचे तांदळासारखे तुकडे शोधा.

उत्तर: गोचीडताप विसरू नका, त्यानेही हिरड्या पांढऱ्या पडतात. कानाच्या टोकाच्या रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला थेंब), सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या. हिरड्या पांढऱ्या असतील तर आजच डॉक्टरांकडे न्या.