मदत हवी आहे: जुन्या ठोकळ्यांशी जुळणारे, पण दुसऱ्या कंपन्यांचे सेट कोणते घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे जोडायचा छंद मला लहानपणापासून आहे आणि आता नऊ वर्षांच्या भाच्यालाही तो लागलाय. इतकी वर्षं आम्ही एकाच मोठ्या कंपनीचे सेट घेत आलो. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. तिला बोल लावायला हा धागा काढलेला नाही, पुढचा सेट कुणाचा घ्यायचा ते ठरवायचं आहे. प्रतिसादांतही नाव टाळलंत तर बरं होईल, नाहीतर चर्चा भलतीकडे जाते.

तरी नाराजी कशाबद्दल आहे ते सांगायला हवं, कारण पर्याय त्यावरच ठरणार.

सगळ्यात जास्त राग स्टिकरचा येतो. खास मोठ्यांसाठी काढलेल्या भल्यामोठ्या सेटमध्येसुद्धा घड्याळाची तबकडी, दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, सगळं चिकटवायचं. स्टिकर तिरका लागला की लागला. काही वर्षांनी त्याच्या कडा उचलल्या जातात, वरच्या थराला तडे जातात. तो दोन ठोकळ्यांच्या सांध्यावरून जात असेल तर ते ठोकळे पुन्हा सुटे करायचे म्हणजे स्टिकर फाडायचाच. मोडून नवं काही करता येणं हा या खेळण्याचा प्राण आहे, आणि नेमकं तेच अडतं. छापील भागाला यातलं काही होत नाही.

दुसरी तक्रार रंगांची. एकाच सेटमधून निघालेल्या गडद लाल तुकड्यांची भिंत बांधली तर तिच्यात दोन छटा दिसतात. तपकिरी तुकडे तर आमच्याकडे नुसते सोडवताना चिरले आहेत.

पण खरी निराशा वेगळीच आहे. सेट दिवसेंदिवस कपाटात मांडून ठेवायचे होत चाललेत. सिनेमातलं यान किंवा महागडी मोटार एकदा जोडायची आणि हात लावायचा नाही. भाच्याला किल्ला हवा, रेल्वे स्टेशन हवं, फायर ब्रिगेडची गाडी हवी. आणि ते मोडून त्यातून स्वतःचं काहीतरी करायचं असतं. मलाही तेच हवंय.

तर, मदत हवी आहे ती अशी. जुना साठा मोठा आहे, तो टाकायचा नाही, त्यामुळे नवे ठोकळे त्यात बसलेच पाहिजेत. चित्रं छापील असावीत. डिझाइन त्या कंपनीचं स्वतःचं असावं. दुसऱ्याचा सेट जसाच्या तसा उचलून खोकं बदलून विकलेला मला फुकटही नको. ज्यांनी खरोखर वापरून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सुट्टे भाग

जुळण्याबद्दल आधी लिहितो, कारण बहुतेकांना तीच भीती असते. या पद्धतीच्या ठोकळ्यांचं माप ठरलेलं आहे. ठोकळ्याच्या पाठीवरच्या एका गोल बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिमी, ठोकळ्याची उंची ९.६ मिमी आणि पातळ प्लेटची ३.२ मिमी. म्हणून तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की एका ठोकळ्याइतक्या होतात. हेच माप पाळणाऱ्या कंपन्यांचे भाग तुमच्या साठ्यात बसतील.

आणि दुसऱ्या कंपनीचं घेतलं म्हणजे काही गैर केलं असं अजिबात वाटून घेऊ नका. बटणं असलेले प्लास्टिकचे ठोकळे हिलरी पेज या इंग्रज माणसाच्या किडीक्राफ्ट कंपनीने १९४७ मध्येच विकायला आणले होते. आतल्या नळ्यांमुळे घट्ट पकड देणाऱ्या रचनेचं पेटंट १९५८ सालचं आहे. ते कधीच संपलं. पुढे ठोकळ्याचा आकार व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवायचा प्रयत्न झाला, पण आधी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि मग युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये तो मान्य केला नाही. जो आकार काम करण्यासाठीच तसा आहे, त्यावर कायमची मालकी सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ.

छोट्या माणसांचं मात्र तसं नाही. त्या बाहुल्यांच्या आकाराचं व्यापारचिन्ह युरोपच्या जनरल कोर्टाने २०१५ मध्ये कायम ठेवलं. त्यामुळे प्रामाणिक पर्यायी कंपन्यांची माणसं मुद्दाम वेगळी घडवलेली असतात. भाच्याला आधीच सांगून ठेवा, कारण मुलांना सगळ्यात आधी खटकतं ते हेच.

तुम्ही म्हणता तसे उचललेले सेट विकणाऱ्यांत लेपिन या चिनी ब्रँडचं नाव सगळ्यात मोठं होतं. चिनी पोलिसांनी २०१९ मध्ये त्यांच्यावर छापे घातले आणि पुढे शिक्षाही झाल्या. त्या प्रकारचा माल अजून वेगवेगळ्या नावांनी फिरतो. ओळखायची खूण सोपी आहे. खोक्यावरचं चित्र ओळखीचं वाटतंय, पण कंपनीचं नाव कुठेच ठळक नाही, असं दिसलं की लांब राहा.

छापील पाटी

ताई, स्टिकरचा त्रास असेल तर आधी कोबी बघा. पोलंडची कंपनी आहे, कारखानाही तिथेच आहे. चित्रं थेट भागांवर छापलेली येतात आणि छपाई इतकी नेटकी असते की विमानाच्या शेपटीवरची बारीक अक्षरंही वाचता येतात. पकड घट्ट आहे, माझ्या मते जरा जास्तच. पातळ प्लेटा सोडवायला सोडवणी (तुकडे सुटे करायचं छोटं साधन) लागतेच, लहान बोटांना ते जड जातं.

अडचण विषयाची आहे. त्यांचा मोठा भर युद्धातले रणगाडे, विमानं आणि लढाऊ जहाजांवर आहे. घरात ते चालत नसेल तर मोटारी आणि टायटॅनिकसारखी जहाजं आहेत, पण किल्ले आणि गावं तिथे शोधू नका.

किल्ल्यांसाठी ब्लूब्रिक्स. जर्मन कंपनी आहे. मध्ययुगीन किल्ला, भोवतीची घरं, रेल्वे असे तुमच्या भाच्याचे सगळे विषय तिथे आहेत. एक मोठा किल्ला तुकड्यातुकड्यांनी वाढवत नेता येतो, आणि हे मला फार आवडतं. स्टार ट्रेक मालिकेतल्या यानांचे अधिकृत परवान्याचे सेटही त्यांनी काढले, पण ती यानं कपाटात ठेवायचीच, तुम्हाला नकोत. त्यांच्या सेटमध्ये लहान तुकडे आणि प्लेटांचा भरणा असतो. एकट्या मुलाने बसून करायचं ते काम नाही, तुम्ही बरोबर असाल तर उत्तम.

गिअरवेडी

मुलाला हलणाऱ्या गोष्टी आवडतात का ते आधी विचारा. फायर ब्रिगेडची गाडी म्हणालात म्हणून लिहितेय. शिडी उचलणारी, चाकं वळवणारी गाडी हवी असेल तर काडा आणि मोल्ड किंग या दोन चिनी कंपन्या पिन, एक्सल आणि गिअरच्या भागांत पुढे आहेत. मोल्ड किंगकडे मोटर आणि रिमोट असलेले सेट भरपूर मिळतात. गिअरच्या कामात एक नियम मी कडक पाळते: मोटर लावायच्या आधी सगळी यंत्रणा हाताने फिरवून बघायची. एखादा एक्सल खूप आत गेलेला असेल तर तो घासतो आणि दोष बिचाऱ्या मोटरला लागतो.

यंत्रं कशी चालतात हेच शिकवायचं असेल तर ठोकळ्यांच्या पलीकडे जाऊन फिशरटेक्निक बघा. भिंतीत स्क्रू बसवायला आपण जो प्लास्टिकचा प्लग वापरतो, तो लोकप्रिय करणाऱ्या आर्टुर फिशर यांचीच ही पद्धत, १९६०च्या दशकापासून चालत आलेली. भाग खाचेत सरकवून बसवायचे असतात, त्यामुळे वरून ओढलं तरी निघत नाहीत. पण ते तुमच्या साठ्याशी जुळत नाहीत, हे ध्यानात ठेवून घ्या. नॅनोब्लॉकचंही तसंच. जपानच्या कावादा कंपनीचे ते ठोकळे दिसायला गोड, पण बटणामधलं अंतर निम्मं, ४ मिमी. या मापात बसणार नाहीत.

निळी प्लेट

माझं मत थोडं वेगळं आहे. सेट बदलून प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. तुम्हाला मोडून पुन्हा बनवायचंय ना? मग सेट कशाला, सुटे भागच घ्या.

गोब्रिक्स ही कंपनी बऱ्याच चिनी ब्रँडना भाग पुरवते आणि सुटे भागही तिच्याकडून मिळतात. रंगांची यादी लांबलचक आहे आणि एका रंगात छटा फारशी बदलत नाही. तुमची दुसरी तक्रार तिथे मिटेल. काय बांधायचं हा प्रश्न असेल तर रीब्रिकेबल या वेबसाइटवर हौशी लोकांनी स्वतः केलेल्या मॉडेलच्या कृती आहेत. काही मोफत, काहींना पैसे पडतात. पैसे पडत असतील तिथे द्या, कारण त्या माणसाने महिनोन्महिने डोकं लावलेलं असतं. तिथे तुमच्याकडचे सेट नोंदवून ठेवले की त्याच भागांतून आणखी काय होईल तेही दिसतं. मोठा साठा पडून असलेल्यांसाठी यापेक्षा उपयोगी सोय मी पाहिलेली नाही.

आणि भाच्याला संगणकावर आधी रचून बघायची सवय लावा. एलड्रॉ ही भागांची मोफत लायब्ररी १९९५ पासून आहे, तिला स्वयंसेवक सांभाळतात. भाग संपायची चिंता नसली की मुलं फार वेगळा विचार करतात.

सुट्टे भाग

निळी प्लेट, सुटे भाग घ्यायचं तुमचं म्हणणं पटलं, पण नऊ वर्षांच्या मुलाला खोकं उघडण्याचाही आनंद असतो. तो काढून घेऊ नये. एक सेट आणि थोडे सुटे भाग असं दोन्ही जमेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बाहुल्यांबद्दल कोर्टाचा निकाल आहे हे माहीतच नव्हतं. आमच्याकडे 'ह्यांची माणसं अशी का?' यावरून एकदा रडारड झाली होती, आता खरं कारण सांगता येईल.

निळी प्लेट, तुमचं बरोबर आहे, आणि सुट्टे भाग यांचंही. एक मध्यम किल्ला आणि सोबत राखाडी-तपकिरी सुटे भाग असं करायचं मनात आहे. पण दोन शंका आहेत. नव्या कंपनीची पकड चांगली आहे का हे मोठी ऑर्डर द्यायच्या आधी कसं तपासायचं? आणि जुने-नवे भाग एकाच भिंतीत मिसळले तर काही बिघडतं का?

सुट्टे भाग

आधी सगळ्यात लहान सेट मागवा आणि पुढच्या गोष्टी करून बघा.

नव्या ठोकळ्यांचा दहा मजली मनोरा आणि जुन्यांचा दहा मजली मनोरा सपाट टेबलावर शेजारी ठेवा. वरची बटणं सोडून उंची ९६ मिमी यायला हवी. एका ठोकळ्यात न दिसणारा फरक दहांत जमा होऊन दिसतो. असाच फरक आडवाही बघा: लांब प्लेट टेबलावर ठेवून तिची टोकं उचललेली आहेत का पाहा. पकडीसाठी एकाच बटणाची (१×१) प्लेट लावून मॉडेल उलटं धरा आणि हलवा. मग तीच प्लेट पुन्हा पुन्हा काढून लावा. पहिल्यांदा सगळेच घट्ट बसतात, काही वेळा काढल्यावर जे सैल पडतात ते नकोत. पारदर्शक तुकडे वेगळ्या पिशवीत आहेत का तेही बघा. नसतील तर ओरखडे ठरलेले.

मिसळण्याबद्दल: भिंतीत खुशाल मिसळा, फक्त रंग नैसर्गिक उजेडात जुळवून घ्या. बल्बखाली राखाडीच्या दोन छटा एकच वाटतात. जिथे वजन येतं, म्हणजे कमानीचा पाया, पुलाचे खांब, तिथे एकाच कंपनीचे भाग ठेवा. आणि जुन्या चिरलेल्या तपकिरी तुकड्यांवर नवे घट्ट भाग लावू नका, चीर वाढत जाते.

गिअरवेडी

घरात तीन वर्षांखालचं कुणी असेल तर सुट्या भागांचा डबा उंचावर. मोटरचे सेट घेतलेत तर बटण-सेल (छोटी चपटी गोल बॅटरी) असलेला रिमोट स्क्रूने बंद होतो का ते नक्की बघा. यात तडजोड करू नका.

धागाकर्ती

होय, धाकटी भाची आहे, डबा वरच राहील. उद्याच छोटा सेट मागवते, मनोऱ्याचं माप घेऊन इथे लिहीन. दरम्यान ब्लूब्रिक्सचा किल्ला टप्प्याटप्प्याने वाढवलेलं कुणी इथे असेल तर एक सांगा: पहिला भाग कोणता घ्यावा, दरवाजाचा की बुरुजाचा? पुढचे भाग जोडताना पहिला भाग मोडावा लागतो का?