थाई बोलताना: सॉङ्, सोङ् आणि इतर काही शब्द

प्रश्न

बँकॉकच्या प्रतुनाम बाजारात कपड्यांच्या खरेदीसाठी माझं वरचेवर जाणं होतं. कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवून व्यवहार होतो, त्यात अडचण नाही. पण समोरची बाई काय बोलतेय ते कळावं, चार शब्द आपल्यालाही बोलता यावेत, असं आता मनापासून वाटायला लागलंय. लिपी शिकण्याइतका वेळ सध्या नाही. पुस्तकांत सगळं रोमन अक्षरांत दिलेलं असतं आणि त्यावरून उच्चार काही केल्या बसत नाही. म्हणून इथे विचारते.

"सोंग" म्हणजे दोन, मग भाव सांगताना "राखा सोंग" म्हणतात ते काय? "खुन" म्हणजे तुम्ही आणि "खोप खुन" म्हणजे धन्यवाद, यातला खुन एकच का? दुकानातल्या बाईंना हाक कशी मारायची? आणि साध्या "हो"ला थाईत काय म्हणतात? पुस्तकात "छाय" दिलंय, पण बाजारात ते फारसं कानावर येत नाही.

प्रतिसाद

ताई, आधी एक सुचवतो. थाई शब्द रोमनमध्ये लिहिणं सोडा आणि वहीत देवनागरीत उतरवायला लागा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्यातूनच निघतं. दोन या अर्थाचा शब्द आहे "सॉङ्": 'ऑफिस'मधला ऑ, तोही लांबवलेला, आणि सूर (थाईत आवाजाच्या चढउतारानेही शब्दाचा अर्थ बदलतो) खालून वर चढणारा. "राखा सोङ्"मधला ओ मात्र आखूड आहे आणि सूर खालचा. सोङ् म्हणजे पाठवणे, राखा म्हणजे किंमत आणि राखा सोङ् म्हणजे घाऊक भाव. किरकोळ भावाला "राखा प्लीक्" म्हणतात. रोमनमध्ये सॉङ् आणि सोङ् दोन्ही एकसारखेच छापतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा घोटाळा ठरलेला. मराठीत ऑ आणि ॲ या दोन्ही स्वरांना आपण चिन्हं केलेली आहेत, त्यांचा इथे फार उपयोग होतो. महाग म्हणजे "फॅङ्", आठ म्हणजे "पॅत्", हे आपल्याला सरळ लिहिता येतं.

याहून मोठा फायदा क-ख, त-थ, प-फ या जोड्यांचा. थाईत या जोड्यांनी अर्थ बदलतो. "कै" म्हणजे कोंबडी आणि "खै" म्हणजे अंडं. दोन्हींचा सूर एकच, खालचा. फरक फक्त क आणि ख एवढाच. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या कानाला हा फरक पकडायला फार कष्ट पडतात, मराठी माणूस तो घरूनच घेऊन आलेला असतो. थाई शब्दांच्या रोमन लेखनात जिथे पीएच किंवा टीएच दिसेल, तिथे सरळ आपला फ आणि थ समजायचा. पट्टाया असं आपण म्हणतो त्या गावाचा थाई उच्चार "फत्थया"च्या जवळ जातो.

फ बद्दल मात्र सांभाळा. आपल्यातले पुष्कळजण हल्ली 'फळ', 'फूल' हे शब्दसुद्धा दात ओठावर टेकवून, 'फॅन'सारखे म्हणतात. थाईत हे दोन वेगळे वर्ण आहेत. ओठ मिटून उच्चारलेला "फन्" म्हणजे हजार. दात टेकवून म्हटलेला "फ़न्" म्हणजे दात. सूर दोन्हींचा एकच. तुमचा सगळा व्यवहार शेकड्या-हजारांत, तेव्हा हा उच्चार पक्का करून घ्या. जुन्या माणसांचा 'फणस' आठवा, तोच फ. वहीत दुसऱ्या प्रकारच्या फ खाली नुक्ता द्या, म्हणजे मिसळणार नाहीत.

देवनागरीत न मावणारे स्वरही आहेत. एक, ओठ ताणलेले ठेवून 'ऊ' म्हटल्यावर येतो तो, आणि दुसरा, ओठ न वळवता 'ओ' म्हटल्यावर येतो तो. "पैसे" या अर्थाच्या थाई शब्दात हा दुसरा स्वर आहे, वर सुरुवातीलाच ङ. आपल्याकडे ङ शब्दाच्या आरंभी कधीच येत नाही. 'रंग' म्हणताना ग येण्याच्या आधी थांबा आणि तिथूनच पुढचा शब्द सुरू करा, असा सराव करावा लागतो. हे दोन स्वर कुणाच्या तोंडून ऐकूनच शिका, लिहून भागणार नाही.

प्रतिसाद

सुरांचं वर ओझरतं आलंय, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाच सूर: सपाट, खालचा, उतरता, उंच आणि चढता. आश्चर्याने "अस्सं?" म्हणताना आपला आवाज चढतो तसा चढता, कुणाला ठासून "नाही!" म्हणताना पडतो तसा उतरता. पण मराठीत असा सूर वाक्याला लागतो आणि भावना सांगतो. थाईत तो शब्दाचा भाग आहे, वेलांटी किंवा काना असावा तितका. प्रश्न विचारताना आपला आवाज आपोआप शेवटी चढतो, ती सवय थाई बोलताना आवरावी लागते, नाहीतर शेवटच्या शब्दाचा अर्थच पालटतो.

वरचेवर जाणाऱ्याने एक जोडी आधी घोटावी. सपाट सुरातला "क्लै" म्हणजे लांब आणि उतरत्या सुरातला "क्लै" म्हणजे जवळ. रस्ता विचारताना नेमका हाच शब्द लागतो. खात्री नसेल तर "मै क्लै", म्हणजे लांब नाही, असं म्हणून विचारा. जवळ असेल तर लोक बहुधा "क्लै क्लै" असं दोनदा म्हणतात. आपण हळूहळू, जवळजवळ म्हणतो तशी द्विरुक्ती थाईत पावलोपावली आहे: "छा छा" म्हणजे हळूहळू, "रेव् रेव्" म्हणजे लवकर लवकर. "फूत् छा छा न", सावकाश बोला ना, हे वाक्य पहिल्याच दिवशी पाठ करावं.

गंमत अशी की, सुरांच्या चिन्हांची नावं आपली आहेत: एक, थो, त्री, चत्तवा. म्हणजे एक, द्वि, त्रि, चतुर्. विद्यापीठाच्या पदव्यांनाही हीच नावं आहेत, फक्त क्रम उलटा: पदवी त्री, पदव्युत्तर थो, आणि डॉक्टरेट एक.

प्रतिसाद

खुन शब्दाबद्दल. हो, दोन्हीकडे तोच शब्द, आणि तो संस्कृत 'गुण' आहे. थाई उच्चारात ग नाही. संस्कृत ग आणि घ दोघांचाही तिथे ख होतो. ज चा छ, द-ध चा थ, ब-भ चा फ. म्हणून 'दोष' तिथे "थोत्" झाला, आणि "खॉ थोत्" म्हणजे माफ करा. "खॉ" म्हणजे मागणे. आपल्या दोषाची माफी मागायची, असा त्याचा भाव.

उलट आपला प तिथे पुष्कळदा ब होतो. पाप "बाप्" होतं, पुण्य "बुन्", पुरी (नगरी) "बुरी". कांचनबुरी, लोपबुरी ही गावांची नावं त्यातलीच.

दुसरा नियम शब्दाच्या शेवटाचा. थाई शब्दाच्या शेवटी र किंवा ल टिकत नाही, त्याचा न होतो. स, श, थ, द यांचा त् होतो. आहार म्हणजे "आहान्", नगर म्हणजे "नखॉन्". रथ आणि रस दोन्ही "रोत्", सूरही एकच. रोत् म्हणजे गाडी किंवा चव, ते संदर्भाने ओळखायचं. "रोत् फ़ै" म्हणजे आगगाडी. फ़ै म्हणजे आग, शब्दाची घडण अगदी आपल्यासारखी. टेलिफोनला "थोरसप्" म्हणतात, म्हणजे दूर आणि शब्द. सुवर्णभूमी विमानतळ 2006 साली सुरू झाला. टॅक्सीवाल्याला ते नाव पूर्ण म्हटलं तर चटकन लागत नाही, "सुवन्नफूम्" म्हणा.

अर्थाच्या बाबतीत मात्र संस्कृतवर विसंबू नये. "फयायाम्" हा 'व्यायाम' आहे, पण अर्थ प्रयत्न करणे. "प्रथेत्" हा 'प्रदेश', पण अर्थ देश. शिवाय बाजारातली रोजची बोली या शब्दांवर चालत नाही. खाणं, जाणं, घेणं, देणं, आकडे, नाती हे बहुतेक शब्द आखूड, एकाच अक्षराचे, संस्कृतातून न आलेले. संस्कृत शब्द ओळखू येतात म्हणून थाई सोपी, असं समजून गेलेला माणूस पहिल्या भाजीवाल्यापाशी अडतो.

थोडं विषयांतर: दक्षिणेतल्या सुरात् थानी शहराला 1915 मध्ये राजा वजिरावुध यांनी हे नाव दिलं, आणि गुजरातेतल्या सुरतेवरून तिथल्या नदीचं नाव त्याच वेळी तापी ठेवलं. भुसावळ-जळगावकडच्या माणसाला तिथल्या नकाशावर आपली नदी दिसते.

प्रश्नकर्ती

फार छान माहिती, सगळ्यांचे आभार. हाक मारण्याचा आणि "हो"चा प्रश्न राहिला. शिवाय मी शाकाहारी आहे. तिथे "चे" म्हणावं की "मांसविरत" असा काही शब्द आहे तो वापरावा?

प्रतिसाद

"हो"चं उत्तर मराठीतच आहे. "येतेस का?" विचारलं तर आपण "येते" म्हणतो, "हो" म्हटलंच पाहिजे असं नाही. थाईत हीच मुख्य रीत. "पै मै?" म्हणजे जाणार का? उत्तर "पै" किंवा "मै पै". इथला प्रश्नाचा मै आणि नकाराचा मै सुराने वेगळे. नकाराचा उतरता आणि क्रियापदाच्या आधी. प्रश्नाचा शेवटी, आपल्या 'का'च्या जागी, आणि बोलण्यात बहुधा उंच. "छै" म्हणजे 'बरोबर आहे' अशा अर्थाचं हो, म्हणून ते कमी ऐकू येतं. नुसतं "खा" म्हटलं तरी होकार होतो. बायकांनी वाक्याच्या शेवटी खा लावायचा, पुरुषांनी "ख्राप्", जो बोलण्यात "खप्" होतो. तुमचा खा साध्या वाक्यात उतरता आणि प्रश्नात उंच.

हाक नात्यानेच मारतात. थाईत नात्याला स्त्री-पुरुष यापेक्षा थोरला-धाकटा हा भेद मोठा. "फी" म्हणजे आपल्यापेक्षा मोठा भाऊ किंवा बहीण, "नॉङ्" म्हणजे धाकटं भावंडं. आईवडिलांच्या थोरल्या बहिणीला "पा", थोरल्या भावाला "लुङ्". आईचं धाकटं भावंडं "ना", वडिलांचं धाकटं "आ". मावशी-आत्या असा सरळ भेद करणाऱ्या आपल्याला ही वाटणी आडवी-उभी वाटते, पण आठवडाभरात अंगवळणी पडते. गाड्यावर बसलेल्या वयस्कर बाईंना पा म्हणतात. तरुण दिसणाऱ्या बाईंना पा म्हटलेलं आवडत नाही, जसं आपल्याकडे काकू. बाजारात फी म्हणा, कुणी रागावत नाही. कपड्यांच्या नगाला "तुआ" म्हणतात: "हा तुआ" म्हणजे पाच नग. "हा तुआ, राखा सोङ् दै मै खा?" म्हणजे पाच घेतले तर घाऊक भाव मिळेल का? एवढं जमलं की कॅल्क्युलेटर नंतर येतो.

अभिवादनाचा "सवत्दी" स्वस्तिवरून घडवलेला. चुलालाँगकॉर्न विद्यापीठात तो रुळला आणि 1943 मध्ये सरकारने अधिकृत केला. ओळख झाल्यावर मात्र माणसं "पै नै मा?" (कुठे जाऊन आलात?) किंवा "किन् खाव् रु यङ्?" (जेवलात का?) विचारतात. आपल्या गावाकडची माणसं विचारतात तसंच, आणि उत्तरही तितकंच मोकळं अपेक्षित असतं. जेवण झालं असेल तर "लॅव्", नसेल तर "यङ्".

शेवटी खाण्याचं. मांसविरती हा शब्द आहे, "मङ्सविरत्". त्यात अंडं, दूध चालतं असं धरतात. "चे" हा चिनी परंपरेतून आलेला आणि जास्त कडक: अंडं नाही, दूध नाही, लसूण-कांदाही नाही. पिवळ्या निशाणावर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसेल, त्या गाड्यावर निर्धास्त जेवा. इतर ठिकाणी नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, कारण भाजीतही मासळीचं पाणी पडतं. "मै साइ नाम् प्ला" म्हणजे नाम् प्ला, ते मासळीचं पाणी, घालू नका, आणि "मै साइ कपि", कपि म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी. पपईच्या कोशिंबिरीत वाळलेली कोळंबी असते, तीही वेगळी सांगावी लागते: "मै साइ कुङ् हॅङ्". आणि वर कै-खै सांगितलंय ते इथे कामाला येईल. अंडं चालत नसेल तर ख चांगला फुंकर घालून म्हणा: "मै साइ खै".