‘कॅनॉट लॉक रेफ’ : लॉक, कुलूप की आणखी काही?

विचारणा : नव्या मुलांसाठी गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) मराठी टिपणं लिहितोय. ‘कॅनॉट लॉक रेफ’ या त्याच्या एररला ‘संदर्भाला कुलूप लागत नाही’ असं लिहिलं, तर टीममध्ये हशा पिकला. काय लिहावं? आणि तो रेफ की ती रेफ?

प्रतिसाद : तो रेफ, म्हणजे एका नोंदीकडे बोट दाखवणारं नाव, जसं ब्रँचचं. डोक्यावरचा रफारवाला रेफही पुल्लिंगीच आहे, वाद नको.

कुलूप मात्र खरंच नको. मेन ब्रँच (कामाची मुख्य शाखा) पुढे सरकवताना गिट शेजारी ‘मेन.लॉक’ नावाची फाइल उघडतं. ती आधीच असेल तर दुसऱ्याला उघडता येत नाही. नवा हॅश (नोंदीचा ओळखक्रमांक) तिच्यात लिहायचा आणि तिचंच नाव बदलून ती ‘मेन’च्या जागी बसवायची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, तसलाच प्रकार. प्रोसेस मध्येच मेली तर रुमाल पडून राहतो. दुसरं गिट चालू नाही ना, हे बघून हातानेच उचलायचा. नुसतं वाचणाऱ्याला लॉक लागतच नाही. त्याला जुना हॅश मिळेल नाहीतर नवा, अर्धामुर्धा कधीच नाही.

प्रतिसाद : पण या एररमध्ये पुष्कळदा लॉक मिळालेला असतो! पुढचं वाचा : ‘इज ॲट अमुक बट एक्स्पेक्टेड तमुक’. मधल्या वेळात कोणीतरी पुश केलेलं, म्हणजे आपले बदल पाठवलेले असतात. आम्ही याला ‘रेफ हलला’ म्हणतो. ‘फाइल एक्झिस्ट्स’ आलं तरच ‘लॉक अडकला’. पहिल्यात फेच करून (नवे बदल आणून) पुन्हा बघायचं, दुसऱ्यात जरा थांबायचं. टिपणात हे दोन वेगळे ठेवा.

प्रतिसाद : थांबण्यातही फरक आहे. गिट मुळातच सुट्या रेफसाठी 100 मिलिसेकंद वाट बघतं, पॅक्ड-रेफ्ससाठी 1 सेकंद. सुटा रेफ म्हणजे एवढीशी फाइल; तुम्ही तुमच्या ब्रँचवर, मी माझ्या, कोणी कोणाच्या आड येत नाही. पॅक्ड-रेफ्स ही सगळ्यांची मिळून एकच यादी. वाचायला झकास, पण तिच्यातली एक ब्रँच उडवायची तरी अख्खी यादी नव्याने लिहावी लागते. अँड्रॉइडच्या रेपोत (कोडच्या भांडारात) 8 लाख 66 हजार रेफ असल्याचं रेफटेबलच्या, म्हणजे रेफ साठवायच्या नव्या पद्धतीच्या दस्तऐवजात दिलंय. तिथे हे परवडणार कसं?

2024 मध्ये गिट 2.45 सोबत आलेल्या रेफटेबलमध्ये बदल तेवढाच नव्या छोट्या फाइलीत जातो. अनेक रेफ एकदम हलवले तर सगळे हलतात, नाहीतर एकही नाही. त्यापायी लॉक मात्र अख्ख्या रेपोला एकच. वेगळ्या ब्रँचवाल्यालाही त्याच रांगेत उभं राहावं लागतं. रांग भराभर सरकते, म्हणून मला तरी हा सौदा फायद्याचा वाटतो.

विचारणा करणारा : मग ‘लॉक’च ठेवतो, पण रेफचा, यादीचा की रेपोचा ते दर वेळी लिहितो. ‘रेफ हलला’ उचलतोय, चालेल ना?

प्रतिसाद : खुशाल.