एकांकिका, नाटिका की नाट्यछटा? नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न (शिक्षिका, सांगली)

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवी-नववीची मुलं पंचवीस मिनिटांचं एक नाटक करतायत. कार्यक्रमपत्रिकेच्या कच्च्या प्रतीत मी 'एकांकिका' लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी ते खोडून 'लघुनाटिका' केलं. गॅदरिंगचं काम बघणारे सर म्हणाले, सरळ 'स्किट' लिहा, पालकांना तेच कळतं. नाटकात घर एकच आहे, पण प्रवेश चार आहेत, मध्ये तीनदा अंधार होतो. मग ही एकांकिका म्हणायची का? चार प्रवेश म्हणजे चार अंक तर नाहीत ना?

उत्तर (पुणे)

नमस्कार बाई. प्रवेश आणि अंक यांची गल्लत आधी सोडवू. जागा बदलली, वेळ बदलली की नवा प्रवेश. अंक त्याहून मोठा. अंक संपला की पडदा पडतो, मध्यंतर होतं, लोक बटाटेवडा खायला बाहेर जातात. एका अंकात प्रवेश कितीही येऊ शकतात. तेव्हा तुमचं नाटक चार प्रवेशांचं असलं तरी आहे एकांकिकाच.

आता 'नाटिका'. या शब्दाची गंमत अशी की संस्कृत नाट्यशास्त्रात नाटिका चार अंकांची असते. हर्षाची 'रत्नावली' नाटिकाच आहे आणि तिला चार अंक आहेत. मराठीत मात्र पुस्तक-पुस्तिका या चालीवर नाटक-नाटिका असं कानाला वाटलं आणि नाटिका म्हणजे छोटं नाटक हा अर्थ रुळला. आज तो चूक म्हणता येणार नाही, बालनाटिका हा शब्द सगळे वापरतात. पण 'लघुनाटिका' म्हटलं की लहानपण दोनदा सांगितलं जातं आणि नाटकाबद्दल दुसरं काहीच सांगितलं जात नाही.

'एकांकिका' हा शब्द लांबीबद्दल बोलतच नाही, तो बांधणीबद्दल बोलतो. एक अंक, म्हणजे मध्ये उठायचं नाही. संस्कृतात 'अंक' म्हणजे मांडी, खूण आणि आकडाही. मराठीत त्यात मासिकाचा अंक आला, दिवाळी अंक आला. मला यातला मांडीचा अर्थ फार आवडतो. नाटकाचा अंक तिथूनच आला असं मी म्हणत नाही, पण एकांकिका बघताना तोच आठवतो. मूल एकदा मांडीवर घेतलं की ते झोपेपर्यंत आईला हलता येत नाही. एकांकिकेनंही प्रेक्षकाला एकदा उचललं की शेवटापर्यंत खाली ठेवायचं नसतं. मोठ्या नाटकाचा पहिला अंक रेंगाळला तरी दुसऱ्यात सावरता येतं. इथे सावरायला दुसरा अंकच नाही.

म्हणून एकांकिका म्हणजे आखूड केलेलं नाटक नव्हे. तीन अंकांचा मजकूर चाळीस मिनिटांत कोंबला तर ती फुटते.

'स्किट' शब्द वाईट नाही. पण स्किटमध्ये प्रसंग आणि त्यातली मजा एवढं पुरतं. एकांकिकेत सुरुवातीला जो माणूस दिसला तो शेवटी तसाच राहिलेला नसतो. तुमच्या नाटकात असं कुणाचं काही बदलत असेल तर 'एकांकिका'च छापा.

प्रश्न (इंदूर)

आमच्याकडे हिंदीच्या सहवासानं सगळे 'एकांकी' म्हणतात. मराठीत ते चालेल का? आणि एकांकिका हा प्रकारच पाश्चात्त्यांकडून आलेला आहे ना?

उत्तर (पुणे)

'एकांकी' मराठीत विशेषण म्हणून चालतं: एकांकी नाटक, तसंच दोन अंकी नाटक. नाम म्हणून 'एकांकिका'च. आणि अनुस्वार विसरू नका, नाहीतर ते 'एकाकी' होतं!

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं हो, अर्धं नाही. आजची मराठी एकांकिका विसाव्या शतकात घडली आणि तिच्यावर पाश्चात्त्य वळण आहे, हे खरं. पण एका अंकाचं नाटक आपल्याकडे जुनं आहे. 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात नाटकाचे जे दहा प्रकार सांगितले आहेत त्यांतले भाण, व्यायोग, वीथी हे एका अंकाचे. भासाच्या नावावरची 'ऊरुभंग', 'कर्णभार', 'मध्यमव्यायोग' ही नाटकं एका अंकाचीच.

शब्दचर्चा चालू आहे म्हणून 'मध्यमव्यायोगा'वर जरा थांबतो, कारण ते अख्खं नाटक एका शब्दावर वळतं. जंगलातून एक ब्राह्मण, त्याची बायको आणि तीन मुलगे चाललेत. घटोत्कच त्यांना अडवतो. त्याच्या आईला, हिडिंबेला, उपवास सोडायला माणूस हवाय. तिघांतला एक मुलगा द्या, बाकीचे सुटा. थोरला बापाचा लाडका, धाकटा आईचा लाडका. उरतो मधला, आणि तो स्वतःच पुढे होतो. जाण्याआधी पाणी पिऊन येतो म्हणून तो तळ्यावर जातो. त्याला उशीर होतो. घटोत्कच हाक मारायला लागतो: मध्यमा, लवकर ये!

आणि झाडीतून येतो भीम. तोही मधलाच, कुंतीच्या तिघांतला मधला. कुणीतरी आपल्यालाच बोलावतंय असं त्याला वाटतं. मुलगा बापाला ओळखत नाही आणि त्यालाच हाक मारून बसतो.

'मध्यम' या शब्दाचं काय होतं ते पाहा. आधी त्याचा अर्थ असतो, जो आईचाही नाही आणि बापाचाही नाही असा. तोच शब्द मोठ्यानं उच्चारला जातो आणि त्याला ओ द्यायला बापच येतो. नवं पात्र आणायला दूत नाही, आकाशवाणी नाही. पाच मिनिटांपूर्वी ऐकलेला साधा शब्द पुरतो. छोट्या नाटकात बाहेरून मदत मागवायची नसते, आधी जे ठेवलंय तेच उपयोगी यावं लागतं. हे मी नाटक शिकवणाऱ्या कुठल्याही पुस्तकाआधी या नाटकात शिकलो.

प्रश्न (ठाणे)

नाट्यछटा आणि एकपात्री एकांकिका एकच का? शाळांच्या स्पर्धांत 'नाट्यछटा' म्हणून मुलं पाच-पाच पात्रांचे आवाज काढतात.

उत्तर (पुणे)

एक नाहीत. नाट्यछटा हा शब्द आणि प्रकार दिवाकरांशी जोडलेला आहे. दिवाकर म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे (१८८९–१९३१), पुण्यातले शिक्षक. ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या कवितांतल्या एकमुखी बोलण्यावरून त्यांना हे सुचलं आणि १९११पासून त्यांनी नाट्यछटा लिहिल्या. नाट्यछटेत बोलतं एकच माणूस, पण ते एकटं नसतं. समोरचा माणूस आहे, तो बोलतोही आहे, फक्त आपल्याला ऐकू येत नाही. त्याचं बोलणं आपण या माणसाच्या उत्तरांवरून ओळखायचं. आत्ताच लिहिलेला एक नमुना:

"या, या, बसा! … छे हो, अडचण कसली! … पैसे? कुठले पैसे? … हां हां, ते! अहो, परवाच निघालो होतो द्यायला. … आत्ता? … अगं ए, चहा टाकू नकोस गं, निघालेत ते!"

ते टिंब-टिंब आहे ना, तीच नाट्यछटा. करणाऱ्यानं तिथे खरंच ऐकलं पाहिजे, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघितलं पाहिजे. मुलं तिथे श्वास घेऊन पुढे पळतात आणि सगळं हातचं जातं. पाच पात्रांचे आवाज काढले तर ते एकपात्री सादरीकरण झालं. त्यातही कौशल्य लागतं, पण ते वेगळं. आणि 'स्वगत' म्हणजे माणूस स्वतःशीच बोलतो, तिथे समोर कुणी नसतंच.

'दीर्घांक'ही कुणी विचारेल म्हणून सांगतो: एकच अंक, पण एकांकिकेपेक्षा लांब, तास-दीड तासाचा.

प्रतिसाद (नाशिक, हौशी नाटकांची प्रकाशयोजना करणारा)

बाईंच्या 'तीनदा अंधार'बद्दल बोलायचंय. आमच्याकडे ब्लॅकआउट म्हणजे एकदम अंधार आणि फेडआउट म्हणजे हळूहळू. संहितेत दोन्हीला नुसतं 'अंधार' लिहिलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक वेळी लेखकाला विचारावं लागतं. आणि बहुतेकदा उत्तर येतं, 'तिथे कपडे बदलायचेत म्हणून.' प्रेक्षकाच्या दृष्टीनं तो अंधार रिकामा असतो. कुणी खोकतं, मोबाइल उजळतात, विंगेत ठोकळा सरकवल्याचा आवाज येतो. तुम्ही वर मांडीवरच्या मुलाचं म्हणालात, ते मूल तिथे जागं होतं.

एक शब्द माझ्याकडूनही: नेपथ्य. संस्कृतात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा, जिथे नट वेष करतात, आणि तो वेषही. आपल्याकडे आज नेपथ्य म्हणजे समोर दिसणारा सेट. मागची वस्तू पुढे आली! एकांकिकेत मला उलटं वाटतं. जेवढं मागे ठेवता येईल तेवढं ठेवावं. दार दाखवायला दार लागत नाही, नटानं कडी काढली की दार दिसतं.

उत्तर (पुणे)

नाशिककरांशी पूर्ण सहमत. आता मला दोन क्रियापदांबद्दल लिहायचंय. एकांकिका आपण 'बसवतो' आणि चांगली झाली की ती 'उभी राहते'. बसवणं हे अंगठीत खडा बसवतात तसलं, प्रत्येक गोष्ट आपल्या खोबणीत नेमकी. उभं राहणं मात्र आपल्या हातात नसतं, ते प्रेक्षकांसमोरच होतं. पुरती बसवलेली एकांकिकाही कधीकधी उभी राहत नाही.

कॉलेजात असताना आम्ही दोन भावांच्या वाटणीची एकांकिका बसवत होतो. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३पासून आहे, त्यामुळे इथल्या कॉलेजात एकांकिका हा शब्द पहिल्याच आठवड्यात कानावर पडतो, आणि भरत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा' ही आरोळी ऐकली की आपण कधी त्या रंगमंचावर जातो असं होतं. आमच्या संहितेत एक प्रवेश शेतात, एक कोर्टात, एक घरात. मध्ये दोन अंधार. तालमीत सगळं नीट चालायचं आणि तरी ते नुसतं बसलेलं असायचं. आम्हाला शिकवायला येणाऱ्या एका दादांनी दोन दिवस तालीम पाहिली आणि एवढंच विचारलं, "हे दोघे वाटणी करतायत ना? मग मोजतायत कुठे?"

आम्ही शेत काढलं, कोर्ट काढलं. उरली एक दुपार आणि जुन्या घराची ओसरी. थोरल्याच्या हातात स्टीलचा सोळा फुटी टेप, त्याचं टोक धाकट्याच्या हातात. जुनी सगळी भांडणं आता त्या ताणलेल्या पट्टीच्या दोन टोकांना उभं राहून व्हायला लागली. कुणी जवळ जाऊ शकत नव्हतं, कुणी सोडून जाऊ शकत नव्हतं. मधून आई ताकाचे पेले घेऊन यायची आणि तिला पट्टीखालून वाकून जावं लागायचं. हे संहितेत नव्हतं. आईचं काम करणारी मैत्रीण एका तालमीत सहज वाकली आणि आम्ही सगळे गप्प झालो.

शेवटी धाकट्याचं चार ओळींचं भाषण होतं, टाळीचं. तेही काढलं. तो नुसतं टोक सोडायचा. पट्टी खर्रकन् फरफटत थोरल्याच्या हातातल्या डबीत शिरायची आणि टक्. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. मग अंधार, नाशिककर म्हणतात तो ब्लॅकआउट, अख्ख्या एकांकिकेतला एकमेव.

बक्षीस मिळालं नाही. पण त्या 'टक्'नंतर टाळ्या सुरू व्हायला जो वेळ लागला, तेव्हा 'उभी राहिली' म्हणजे काय ते मला कळलं.

बाई, तुमच्या मुलांच्या नाटकात घर एकच आहे म्हणालात. मग तीन अंधार कशासाठी आहेत, ते एकदा बघाल का?

प्रतिसाद (शिक्षिका, सांगली)

काल तालमीत बघितलं. एक अंधार रात्र उलटली हे दाखवायला आहे, तो हवाच. बाकीचे दोन नुसते आजोबांचा पलंग आत-बाहेर करायला होते. मुलांनाच विचारलं, काय करू या? नववीतली एक मुलगी म्हणाली, पलंग तिथेच राहू दे ना, आजोबा नसले तरी. मग दुसऱ्या प्रवेशात सगळे जेवायला बसले आणि मागे तो रिकामा पलंग दिसत राहिला. आजवर त्या प्रवेशात मुलं हसायची, काल कुणी हसलं नाही.

मुख्याध्यापकांना नाटिकेचे चार अंक सांगितले, ते लगेच तयार झाले. पत्रिका शुक्रवारी छापायला जातेय. छापखान्यातून नमुना आला त्यात 'एकांकीका' होतं, दीर्घ की. ऱ्हस्व करून परत पाठवलंय.