एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेक: वाकडी वाट करावी की सरळ जाऊन यावं?

पाऊलखुणा

पुण्या-मुंबईचे बरेच गट सध्या ऑक्टोबरची आखणी करताहेत. आराखडा सगळ्यांचा एकच: लुक्ला (इथे विमान उतरतं), फाकडिंग, नामचे, तेंगबोचे, दिंगबोचे, लोबुचे, गोरक्षेप, बेस कॅम्प आणि तसंच परत. लुक्ला ते लुक्ला साधारण १२ दिवस, त्यात नामचे आणि दिंगबोचेला एकेक मुक्काम जास्तीचा. माझं ठाम मत आहे की यात आडवाटांसाठी आणखी दोन-तीन दिवस घालता येत नसतील, तर ट्रेक पुढच्या वर्षी करावा.

बेस कॅम्पवरून (५,३६४ मी.) एव्हरेस्टचा माथा दिसत नाही. तो दिसतो काला पत्थर या टेकडीवरून, आणि काला पत्थर हीच मुळात गोरक्षेपहून केलेली वाकडी वाट आहे. ती कुणी चुकवत नाही. मग बाकीच्या वाटांवर अन्याय का?

नामचेच्या जास्तीच्या दिवशी बहुतेक लोक वरच्या हॉटेलच्या गच्चीत फोटो काढून उतरतात. तिथून थोडं पुढे खुमजुंग आहे. हिलरीने १९६१ मध्ये सुरू केलेली शाळा तिथे अजून भरते, शेजारच्या खुंदेत १९६६ पासूनचं रुग्णालय आहे. बटाट्याची शेतं, दगडी कुंपणं, पाठीशी खुंबिला. शेर्पा लोक या डोंगराला इतकं मानतात की त्याच्या माथ्यावर चढाई होत नाही.

माझा खरा जीव मात्र छुखुंगवर आहे. दिंगबोचेहून इम्जा नदीच्या कडेने दोन-तीन तास चाललं की ४,७३० मीटरवर मोजके लॉज लागतात. समोर ल्होत्से शिखराची दक्षिण भिंत उभी असते, सुमारे तीन किलोमीटर उंचीची. आठ हजारी (आठ हजार मीटरहून उंच) सगळी १४ शिखरं चढलेला जगातला दुसरा माणूस, येर्झी कुकुच्का, १९८९ मध्ये याच भिंतीवरून पडून मरण पावला. तिथून पुढे हिमनदीच्या मोरेनने (तिने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाने) गेलात तर इम्जा तलाव. साठेक वर्षांपूर्वी तिथे बर्फावर साचलेली चार डबकी होती, आज दोन किलोमीटरहून लांब पाणी आहे. फुटण्याच्या भीतीने २०१६ मध्ये कालवा काढून त्याची पातळी तीन मीटरहून जास्त उतरवली. हिमालयाचं काय होतंय हे पायाखाली बघायचं असेल तर ही वाट सोडू नये.

घाटवाट

असहमत, आणि पूर्णपणे.

आपल्याकडचे बहुतेक जण नोकरीतून मोजकी रजा काढून जातात. मोसमात लुक्लाची बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात. त्यासाठी मध्यरात्रीनंतर गाडीत बसून चार-पाच तासांचा घाटरस्ता. एवढं करून लुक्लाला ढग उतरले की विमान नाही. मी गट नेतो तेव्हा शेवटचे दोन दिवस या एकाच कारणासाठी कोरे ठेवतो. तेच दिवस तुमच्या छुखुंगला दिले आणि परतीला लुक्लात अडकलो, तर मुंबईचं तिकीटही जातं आणि कामावरची शब्दाची किंमतही.

दुसरं म्हणजे थकवा. दिंगबोचेच्या मुक्कामात सगळ्यांना मागच्या नांगकार्त्शांग शिखरावर पाठवायची पद्धत पडली आहे. ४,४१० वरून ५,०८३ मीटर, म्हणजे पावणेसातशे मीटरची उभी चढण! आणि लगेच दुसऱ्या दिवशी सामान बांधून लोबुचे. ज्याने वर्षभर पैसे साठवले ते बेस कॅम्पसाठी. त्याचं बेस कॅम्प हुकलं तर तिथून होणारं मकालू शिखराचं दर्शन त्याची भरपाई करत नाही.

कण्हेर

मी डॉक्टर आहे आणि या उंचीवर फिरलेही आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

शरीर कुठे झोपलं याला सर्वात जास्त महत्त्व असतं. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच वाढवावा, असा सर्वमान्य नियम आहे. दिवसा वर जाऊन रात्री खाली येणं चालतं, बहुतेकांना त्याचा फायदाच होतो. आता आराखडा बघा. तेंगबोचे ३,८६७, दिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४०. दोन्ही उड्या ५०० च्या वर. छुखुंगला एक रात्र काढून मग थुकलामार्गे लोबुचेला गेलं तर दुसरी उडी मोडली जाते. म्हणजे पाऊलखुणा यांची वाट वैद्यकीयदृष्ट्याही चांगली आहे.

घाटवाट यांचंही एक म्हणणं मी उचलून धरते. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाही, अशा माणसाने त्या दिवशी कुठलीही टेकडी चढू नये. गट निघाला म्हणून निघायचं नाही. त्रास वाढत असेल, तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर त्याच वेळी खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. ती धावत चढणाऱ्याला ४,४०० मीटरवर त्याचा काही उपयोग नाही. उलट असे धडधाकट लोकच नांगकार्त्शांगवर वेग लावतात आणि संध्याकाळी आजारी पडतात. दिंगबोचेपासून टेकडीपलीकडे फेरिचेला १९७३ पासून मोसमी दवाखाना आहे. तिथे दुपारी उंचीच्या आजारांवर माहिती देतात. तो तासभर कुठल्याही शिखरदर्शनापेक्षा मोलाचा आहे.

उत्तरायण

तुम्ही सगळे एकाच दरीत अडकलात. शेजारच्या दरीतल्या गोक्योला जा! गोक्यो री या टेकडीवरून (५,३५७ मी.) एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि चो ओयू असे चार आठ हजारी एका जागी उभं राहून दिसतात, आणि काला पत्थरपेक्षा गर्दी कितीतरी कमी. चो ला खिंड ओलांडून दोन्ही दऱ्या जोडता येतात. ज्याला एकदाच जायचं आहे त्याने हेच करावं.

कण्हेर

@उत्तरायण, गोक्यो सुंदर आहे, पण त्याला या यादीत घालू नका. चो ला ५,४२० मीटरची खिंड आहे. वर हिमनदीवरून चालायचं, पहाटे बर्फ काचेसारखा कडक, मायक्रोस्पाइक्स (बुटाला लावायचे काटे) हवेतच. ताजा बर्फ पडला की खिंड बंद. पलीकडे न्गोझुम्पा हिमनदी ओलांडावी लागते आणि तिच्यावरची वाट बर्फ सरकेल तशी बदलत राहते. याला वेगळा ट्रेक समजून वेगळे दिवस आणि जाणता गाइड घ्यावा. थेट नामचेहून गोक्योच्या दरीत शिरलात तरी डोले ४,००० च्या वर आहे, एका दिवसात तिथे झोपायला जाऊ नये.

मायमाती

थामेचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं वाईट वाटलं. नामचेहून पश्चिमेला, एका दिवसाच्या चालीवर. तेनझिंग नोर्गेचं लहानपण या गावात गेलं. एव्हरेस्ट कितीतरी वेळा चढलेले आपा शेर्पा आणि कामी रीता याच गावचे. तिबेटशी मिठाचा व्यापार चालायचा तो इथूनच नांगपा ला खिंडीने. ऑगस्ट २०२४ मध्ये वरचे हिमतलाव फुटून गावात पूर आला. घरं, शाळा, आरोग्य केंद्र वाहून गेलं. बेस कॅम्पच्या वाटेवर पैसा आपोआप येतो, थामेला तो मुद्दाम न्यावा लागतो. एक रात्र तिथे राहा, तिथे जेवा. उंची ३,८०० च्या आसपास, त्यामुळे पुढच्या चढाईची तयारीही होते.

घाटवाट

मायमाती, हा मुद्दा मला पटतो. पण मग पोर्टरचाही विचार करा. वाटेत कुणाला तरी सुचतं, "चला, उद्या छुखुंगला राहू." पोर्टरची मजुरी ठरलेल्या दिवसांची असते, त्याचा पुढचा गटही ठरलेला असतो. वाढीव दिवसाचे पैसे द्यायला मग कुरकुर होते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मला त्याची चीड येते. आडवाट करायची तर काठमांडूतच, पैशांसकट ठरवून करा.

पाऊलखुणा

घाटवाट, पोर्टरबद्दल शंभर टक्के मान्य. लुक्लाचे कोरे दिवसही मी कधी खर्चायला सांगितलेले नाहीत, ते सोडून वर दोन-तीन मागतोय.

थकव्याच्या मुद्द्यावर मात्र मागे हटत नाही. सगळ्या आडवाटा चढतानाच करायच्या असं कुठे आहे? उतरताना पांगबोचेला एक रात्र जास्त राहा आणि आमा दब्लाम शिखराच्या बेस कॅम्पला जाऊन या. चढ सहाशे मीटरचा, पोचण्याची उंची ४,६०० च्या आसपास. गोरक्षेपला झोपून आलेल्या शरीराला ती हवा दाट वाटते. ऑक्टोबरात तिथे मोहिमांचे तंबू लागलेले असतात, आणि ६,८१२ मीटरचं ते शिखर अगदी अंगावर येतं. राजगडावर जाऊन बालेकिल्ला न चढता उतरणं जसं जिवावर येतं, तसं मला पांगबोचेहून सरळ निघून जाणं जिवावर येतं.

घाटवाट

उतरताना गुडघे बोलत असतात आणि मन घरी पोचलेलं असतं. कागदावर लिहिलेली ही आडवाट दहातले आठ जण तिथे पोचल्यावर रद्द करतात.

पाऊलखुणा

आठ जणांनी रद्द केली तरी दोघांना जाता यावं म्हणून ती कागदावर हवी.

नवी_वाट

काठमांडू ते काठमांडू १५ दिवस आहेत, त्यातले दोन लुक्लासाठी राखीव. आईही येणार आहे, वय ५८, तब्येत उत्तम. एकही दिवस न वाढवता एकच आडवाट निवडायची तर?

घाटवाट

खुमजुंग. नामचेच्या मुक्कामात होते, रात्री परत नामचेतच झोपायचं. बाकी सगळं सोडा.

पाऊलखुणा

खुमजुंग तर कराच. पण दिंगबोचेच्या मुक्कामात नांगकार्त्शांगऐवजी छुखुंगला जाऊन या. चढ फक्त ३२० मीटर, वाट जवळजवळ सपाट. सकाळी लवकर निघा, तिथे गरम सूप घ्या, दुपारी वारा सुटायच्या आत परत या. एक दिवसही वाढत नाही आणि आईंना ल्होत्सेची भिंत दिसते.

कण्हेर

आईंचं डोकं त्या सकाळी दुखत नसेल तरच. दुखत असेल तर त्यांच्यासोबत कुणीतरी दिंगबोचेत थांबा, बाकीच्यांनी जाऊन या. कोण थांबणार हे आधीच ठरवून ठेवा.