मदत हवी आहे: कानाच्या कूर्चेत (कानाला आकार देणाऱ्या लवचीक भागात) तार घुसून झालेली जखम

चार दिवसांपूर्वी अडगळ आवरताना माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेत गंजक्या तारेचे टोक घुसले. रक्त जेमतेम दोन थेंब आले आणि जखम टाचणीच्या डोक्याएवढीच दिसत होती, म्हणून साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन आम्ही ती विसरून गेलो. धनुर्वाताचे इंजेक्शन तेवढे दुसऱ्या दिवशी घेतले, कारण शेवटचे कधी घेतले होते हे त्याला आठवेना.

काल संध्याकाळपासून मात्र ती कड लाल, गरम आणि सुजलेली आहे; उशीला टेकली तरी तो कळवळतो, पण कानाची पाळी अगदी नेहमीसारखी मऊ आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसून तिचे पोषण वरच्या आवरणातून होते आणि त्या आवरणाला संसर्ग झाला की सूज नेमकी पाळी सोडून पसरते, असे वाचल्यापासून माझी चिंता वाढली आहे. आज दुपारी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जात आहोत, त्यामुळे ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढेच कृपया लिहू नये.

अशा संसर्गात बहुधा स्यूडोमोनास हा जिवाणू सापडतो आणि नेहमीची काही प्रतिजैविके त्याच्यावर चालत नाहीत, तर पू तपासणीला पाठवण्याचा आग्रह आम्ही धरावा का? पू साचल्यामुळे ज्यांना चीर द्यावी लागली, त्यांच्या कानाचा आकार पुढे टिकला का, आणि दाबपट्टी किती दिवस ठेवावी लागली?